खाटेपासून खिडकीपर्यंत

९ जानेवारी

ताईंना,

आपली ओळख नाही. पहिल्या ओळीनंतर हे पत्र तुम्ही फाडलंत तर होणारही नाही. म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो आणि नमस्कार शेवटासाठी राखून ठेवतो.

तुमचा धाकटा भाऊ इथल्या तुरुंगाच्या दवाखान्यात आहे. खिडकीपासून सगळ्यात लांबची खाट त्याची. फुप्फुसाचा कर्करोग. डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. त्यांनी 'उन्हाळा' हा शब्द वापरला आणि त्यापुढचा ऋतू काढलाच नाही. इतक्या आजारी कैद्याला घरी पाठवायची सोय कायद्यात आहे, फक्त घर हवं. जवळच्या नातेवाइकानं आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जाऊन 'याला माझ्या घरी ठेवून घेते' म्हणून सही करायची. त्याचं जवळचं माणूस म्हणजे तुम्ही एकट्याच. तो कागद एव्हाना तुमच्या ठाण्यात पोचला असेल.

त्यानं काय केलं ते मला माहीत आहे. तुमच्या घराखालच्या शिवणाच्या दुकानात त्यानं फेकलेली इस्त्री तुमच्या यजमानांच्या डोक्याला लागली आणि ते गेले. हे लिहिताना मी एकही विशेषण वापरलेलं नाही. उभं आयुष्य संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाला विशेषणं गाळणं किती जड जातं, याची तुम्हाला कल्पना नसेल. तुम्ही त्याला क्षमा करावी असं मी सुचवत नाही. त्या कागदावर क्षमेचा रकानाच नाही. फक्त खोलीचा आहे.

आता मी कोण? मीही इथलाच रहिवासी. न शिकलेल्या मुलांना मी पदव्या मिळवून दिल्या. शिकलेल्यांना मी कधी काही मिळवून देऊ शकलो नव्हतो, तेव्हा म्हटलं, दुसऱ्या टोकानं प्रयत्न करून पाहावा. सध्या दवाखान्यात मदतनीस आहे. सकाळी ताप मोजतो, दुपारी भांडी उचलतो. भांडी कसली ते विचारू नका. इथे आम्ही दोघेही मास्तर. तुमचा भाऊ कापड कापणारा म्हणून मास्तर, आणि मी श्लोकमास्तर. कोणी नुसतं 'मास्तर' अशी हाक मारली की दोघेही 'ओ' देतो, आणि ज्याच्याकडे काम नसतं तोच नेमका उठतो.

त्याला या पत्राचा पत्ता नाही. विचारलं असतं तर 'नको' म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. याला शास्त्रात एक भारदस्त शब्द आहे, पण लबाडी एवढं पुरे.

आमची पत्रं तपासनीस कारकून वाचतात आणि मगच पाठवतात. हे वाक्य ते आत्ता वाचत असतील, त्यांचं कुशल असो. मागे त्यांनी माझ्या एका अर्जात 'निर्व्याज' या शब्दाखाली रेघ मारली होती. ती शिवी नाही, हे इथे नमूद करतो.

आणि हा राखून ठेवलेला नमस्कार.

श्लोकमास्तर

४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर नाही. ठाण्यातून कागदही नाही. माझी लबाडी मात्र उघडकीला आली.

परवा सकाळी मी ताप मोजत होतो. काचेची नळी तोंडात, तरी हा बोलतोच.

"मास्तर, ताईला लिहिलंत ना?"

"नळी चावू नका. तोंड मिटा."

"डॉक्टरीणबाई विचारत होत्या, घरी खोलीत हवा खेळती आहे का. मी म्हटलं, माझं घर कुठलं? त्या एकदम तुमच्याकडे बघायला लागल्या."

मी नळीवरचा पारा वाचण्यात गर्क झालो. तो हसला. त्याचं हसणं अलीकडे खोकल्यात जाऊन संपतं, आणि खोकला संपेपर्यंत मी पाठ चोळत बसतो. मग म्हणाला, "ती काही उत्तर द्यायची नाही. कोर्टात सगळ्यांसमोर बोललीये. याच्याशी आता एक शब्द बोलणार नाही, एक अक्षर लिहिणार नाही. ताई एकदा बोलली की बोलली."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. बहिणीनं आपल्याला टाकलं, आणि काय पक्कं टाकलं, याचा अभिमान बाळगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आमचे दिवस कसे जातात ते सांगतो. मी त्याला श्लोक ऐकवतो. तो डोळे मिटून ऐकतो, पूर्ण होऊ देतो आणि म्हणतो, "छान आहे, मास्तर. पण काखेत जरा घट्ट होतोय." वृत्तदोष म्हणून मी पुन्हा मोजून पाहिला. दर वेळी त्याचंच बरोबर येतं असं नाही, पण येतं कधीकधी. त्या बदल्यात तो मला धावदोरा शिकवतो. माझा टाका पाहून त्यानं विचारलं, "हे शिवलंय की सुईला फिरायला नेलं होतं?"

काल तुमच्या वडिलांबद्दल बोलत होता. त्यांना आकडे लिहिता येत नव्हते, ते गिऱ्हाइकाचं माप दोऱ्यावर घ्यायचे. खांदा, गाठ. बाही, गाठ. पडदा शिवायचा असला की खिडकीपाशी दुहेरी गाठ. हा परगावी कापणं शिकायला गेला तेव्हा तुम्ही घरून पाकिटात नुसता दोरा पाठवायच्या. आत एक अक्षर नाही, तरी सगळं कळायचं. "पोस्टमन म्हणायचा, तुमच्या घरात चिंध्यांचं टपाल चालतं." हे सांगत तो घोंगडीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

मग न विचारता खिडकीचं निघालं. इस्त्रीच्या वाफेनं जीव घुसमटतो म्हणून हा उघडणार, धूळ कापडावर बसते म्हणून तुमचे यजमान लावून घेणार. रोज. दोन शहाणी माणसं, एक कडी.

"मी खिडकीवर फेकली, मास्तर. काच फुटावी म्हणून."

मी त्याची घोंगडी सारखी केली. जरा वेळानं तो म्हणाला, "पण दाजी खिडकीतच उभे होते. मला दिसत होते."

हे शेवटचं वाक्य मला गाळता आलं असतं. त्यानं गाळलं नाही, म्हणून मीही गाळत नाही.

तुम्ही माझ्याशी न बोलण्याची शपथ घेतलेली नाही, एवढं नम्रपणे लक्षात आणून देतो. मला दोन ओळी लिहिल्यात तर कुठलीच प्रतिज्ञा मोडत नाही. माझ्याकडे वेळ आहे, कागद आहे, आणि बाकीचे पत्ते संपलेले आहेत.

श्लोकमास्तर

२६ फेब्रुवारी

बाई,

आता पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती चादर नीट अंथरली आहे, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. दुधात भिजवलेल्या पावाचे तीन घास गेले तर आम्ही दिवस चांगला म्हणतो. पाठीला उशा लावून बसूनच झोपतो, आडवा झाला की श्वास अडतो. खिडकीजवळच्या खाटेसाठी मी अर्ज केला. त्या खाटेवरच्या माणसाचा पाय मोडला आहे आणि त्याची ओळख वरपर्यंत आहे. अर्ज फेटाळला.

रोज सकाळी तो विचारायचा, "कागद आला?" मी म्हणायचो, टपाल तुंबलंय. काल मी 'टपाल' म्हटल्याबरोबर त्यानंच माझं वाक्य पुरं केलं, मला त्रास नको म्हणून. आज विचारलंच नाही.

शब्दाला जागणाऱ्या माणसांची मला एके काळी फार थोरवी वाटायची. वर्गात सांगायचो. आता वाटतं, त्यांचं बरं असतं. त्यांना काही करावं लागत नाही. एकदा बोलायचं आणि मग जन्मभर नुसतं बसून राहायचं, बाकीच्यांनी तुमच्या शब्दाखाली चिरडून घ्यायचं. त्यानं एकदा इस्त्री फेकली. तुम्ही ती रोज फेकता आहात, आणि तुम्हालाही खिडकीत उभा असलेला माणूस दिसतो आहे.

तुमची खोली तुम्हाला लखलाभ असो. यापुढे लिहिणार नाही.

५ मार्च

ताई,

मधलं माझं एक पत्र तुम्हाला पोचलेलं नाही. ते नियमात बसलं नाही. फार चांगलं झालं. त्यात काय होतं ते कृपा करून विचारू नका.

झालं असं. काल सकाळी तपासनीस कारकून स्वतः दवाखान्यात आले. ते कधी येत नाहीत, त्यांना औषधांचा वास सोसत नाही. नाकाला रुमाल लावून माझ्यासमोर उभे राहिले.

"मास्तर, तुमचं पत्र जात नाही."

"का? त्यात सरकारविरुद्ध काय आहे?"

"सरकारविरुद्ध काही नाही. बाईंविरुद्ध आहे."

"साहेब, हे तुमच्या कामात बसतं का?"

"नाही बसत," ते म्हणाले आणि खिशातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. पुडीवर त्यांच्या बदलीवर आलेल्या माणसाच्या अक्षरात लिहिलं होतं: दोरा, एक. गळफासासाठी वापर संभवतो. जप्त.

ताई, शिवणाचा पांढरा दोरा. त्यानं उंदीरसुद्धा मरणार नाही. आमचे कारकून रजेवर असताना तो आला, पाकिटात एक अक्षर नाही म्हणून पाकीट फेकलं गेलं आणि दोरा निषिद्ध वस्तूंच्या खणात पडला, ब्लेड आणि पट्ट्यांच्या बकलांबरोबर. माझं ते पत्र वाचून आमच्या कारकुनांना फेब्रुवारीच्या सुरुवातीचं पत्र आठवलं. चिंध्यांचं टपाल. मग त्यांनी खण उपसला.

मी पुडी तुमच्या भावासमोर उघडली. त्यानं दोरा हातात घेतला, आणि जी बोटं आठवडाभर पेलाही धरत नव्हती ती एकदम कामाला लागली. पहिल्या गाठीपर्यंत गेली, परत आली.

"एवढा खांदा कोणाचा असतो?" तो म्हणाला. "ताईनं हत्तीला सदरा शिवायला घेतलाय का?"

पुन्हा मोजलं. मग मला म्हणाला, "ते टोक धरा. माझ्या पायाशी जा." मी गेलो. दोरा ताणला. पहिली गाठ त्याच्या खाटेच्या पायथ्यापलीकडे जरा पुढे आली. तो बघत राहिला.

"माणसाचं माप नाही हे, मास्तर. खाटेचं आहे."

पुढची गाठ, खाटेची रुंदी. त्यापुढे आणखी एक छोटा तुकडा, एक वीत आणि चार बोटं, आणि टोकाला दुहेरी गाठ. त्यावर त्याचा अंगठा थांबला तो तिथेच राहिला.

"खिडकी," तो म्हणाला. "खाटेपासून खिडकी. बाबा घ्यायचे हे माप. पडदा झोपलेल्याच्या तोंडावर उडू नये म्हणून."

मी विचारलं, घरातली कुठली खोली? म्हणाला, "वरच्या खोलीत खिडकीखाली कपाट आहे, तिथे खाट मावत नाही. मला जिना चढवणार कोण, याचा विचार केलाय तिनं. खाट खाली टाकलीये. दुकानात." आणि मग, "दुकानाला एकच खिडकी आहे."

ताई, ही दया आहे की शिक्षा, हे मी विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, "ताईला दोन्ही एकदम जमतं."

त्यानंतर तो रडला. खोकला न येता रडला, हे डॉक्टरीणबाईंना विशेष वाटलं.

दुपारी कारकुनांनी तुमच्या ठाण्यात फोन लावला. तुमची सही जानेवारीतच झाली आहे. कागद तिथल्या कपाटावर पडून होता, त्यावर कोणीतरी कुंडी ठेवली होती. आता तो निघाला आहे. तुमच्याकडून जे व्हायचं ते सगळं केव्हाच झालं होतं, ताई, आणि मी इथे बसून तुम्हाला काय काय म्हणत होतो. म्हणजे मनात. मनातच म्हणत होतो.

नमस्कार, आणि या खेपेला राखून न ठेवता.

श्लोकमास्तर

२९ मार्च

ताई,

काल तुम्ही त्याला घेऊन गेलात. स्ट्रेचरचं पायाकडचं टोक धरून जो टक्कल पडलेला माणूस धापा टाकत होता, तो मी. ओळख करून द्यायला हवी होती, पण तुम्ही कोणाकडे पाहिलंच नाहीत. त्याच्याकडेही नाही, असं मला फाटकापर्यंत वाटत होतं.

मग गाडीपाशी तुम्ही वाकलात. तुम्ही काय करणार, आम्हा कोणालाच कळेना. शिपाई एक पाऊल पुढे झाला. तुम्ही भावाच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरलीत, उलटी करून शिवण पाहिलीत, आणि लोंबणारा एक दोरा दातांनी तोडलात. बस्स. तोंडातून शब्द नाही. तो शिपाई बाजूला जाऊन बराच वेळ फाटकाचं कुलूप तपासत होता.

तो सदरा त्यानं स्वतः शिवलेला होता, तुम्हाला ते कळलं असेल. लोंबता दोरा माझ्या टाक्याचा. गुंडी मी लावली होती.

आता कामाचं. दुखतंय का विचारलंत, म्हणजे नजरेनं विचारलंत, तर तो 'नाही' म्हणेल. खोटं असतं. डाव्या हाताची मूठ वळलेली असली की दुखत असतं, तेव्हा गोळी द्यायची. पाणी चमच्यानं, पेला पाहून तो घाबरतो. पाठीला तीन उशा लागतात. दोन चालतील म्हणेल, तेही खोटं. पहाटेला घाम येतो, सदरा बदलावा लागतो. आणि त्याला बोलायला लागतं, ताई. तुम्ही बोलायची गरज नाही. तो दोघांचंही बोलतो, मी पाहिलंय. तुम्ही फक्त खोलीत असा. शिवणयंत्र चालू असलं तर उत्तमच.

जाताना त्यानं तुमचा दोरा माझ्या हातात दिला. म्हणाला, "मला आता खाटच मिळाली. दोरा घेऊन काय करू? तुम्ही ठेवा." आमच्या कारकुनांनी तो 'वैद्यकीय पट्टी' म्हणून माझ्या नावावर चढवला आहे. निवृत्तीला आलेल्या माणसानं असं धाडस करावं, मला त्यांची काळजी वाटते.

त्याच्या खाटेवर आज पोटाचा रोगी आला. चांगला माणूस आहे. त्याला श्लोक ऐकवला. "वा वा" म्हणाला. मी पुढे ऐकवला नाही.

एक मागणं आहे. तो आहे तोवर मला काही कळवू नका, तुमचे हात भरलेले असतील. तो गेला की एक दोरा पाठवा. लिहू नका, तुमच्या शब्दाला मी आता धक्का लावणार नाही. कसलाही दोरा चालेल. आला की मी समजेन.

श्लोकमास्तर

१७ जून

ताई,

दोरा आला.

कारकूनच घेऊन आले. या वेळी नाकाला रुमाल नव्हता. दोरा पुडीत नव्हता, त्यांनी आपल्या करंगळीला गुंडाळून आणला होता. माझ्याकडे न बघताच त्यांनी तो सोडवला. आम्ही दोघं त्याच्या जुन्या खाटेच्या कडेला बसलो. पोटाच्या रोग्यानं पाय आवरून जागा करून दिली, काही विचारलं नाही.

कसलाही पाठवा म्हटलं होतं. तुम्ही मापाचा पाठवलात. मी जुना दोरा काढला आणि नवा त्याच्याशेजारी धरला. खाटेची लांबी तीच. गाठ. रुंदी तीच. गाठ. पुढचा तुकडा मी शोधत राहिलो. मला वाटलं, दोरा तुटला. मग कारकुनांनी माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. तिलाच लागून दुहेरी गाठ होती. मध्ये नखही शिरत नव्हतं.

म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत तुम्ही खाट सरकवत नेलीत. एक वीत आणि चार बोटं. एका दिवसात की थोडी थोडी, तो झोपलेला असताना की जागा, ते माहीत नाही. शेवटी ती खिडकीला टेकली होती.

दोन्ही दोरे माझ्याकडे आहेत. खिडकी उघडी होती की लावलेली, हे दोऱ्यात येत नाही. मी विचारणार नाही.

श्लोकमास्तर